नाणं खरं, पण गाव कुठलं?

कळंबोलीच्या लोखंड बाजारात मालाआधी कागद बघतात. मिलमधून निघालेल्या प्रत्येक कॉइलवर हीट नंबर असतो आणि सोबत टेस्ट सर्टिफिकेट येतं. पोलाद कुठल्या ओतकामातलं, त्यात कार्बन किती, मँगनीज किती, गंधक आणि फॉस्फरस मर्यादेत आहेत का, किती ताण सोसेल, हे सगळं त्या एका पानावर असतं. पानावरचा नंबर मालावरच्या नंबराशी जुळला की तो माल पुलाच्या गर्डरला जातो, बॉयलरला जातो. नंबर खोडला गेला किंवा पान गहाळ झालं, तर पोलाद तेच राहतं, पण भाव पडतो. मग तो ‘सेकंड’ म्हणून जाळ्या, गेट, पत्र्याची शेड असल्या कामांना निघतो. माझं पोट या कागदांवर चालतं आणि छंद आहे प्राचीन ग्रीक कांस्य नाण्यांचा, त्यातही देवदेवता आणि पुराणकथा कोरलेल्या नाण्यांचा. धंद्यातली नजर छंदात उतरतेच. त्या नजरेतून मला जे पटलं आहे ते असं : नाणं जमवणारा माणूस आयुष्यभर ‘हे खरं आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारत राहतो, आणि तो प्रश्न अर्धा आहे. ‘हे कुठून आलं?’ हा उरलेला अर्धा. धातू जितका हलका, तितका हा दुसरा अर्धा जड होत जातो. म्हणून कांस्याच्या नाण्याला चांदीच्या नाण्यापेक्षा कागदाची गरज जास्त आहे. बाजार नेमका उलटा चालतो.

कळंबोलीत बसून ग्रीक नाणी कशाला, शिवराई काय कमी आहे, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. उत्तरासाठी लांब जावं लागत नाही. तळोजा-शिळफाट्यावरून गाडी काढली की कल्याण येतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या ग्रीकभाषी दर्यावर्दी व्यापाऱ्यानं कल्याणचं नाव घेतलं आहे. तिथं चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं, असा इशाराही त्यानं दिला आहे. त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे, आणि ती नाणी जमवणाऱ्यानं पाठच करावी. भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांच्या नावांची, ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात, असं तो म्हणतो. तेव्हा ती नाणी जवळजवळ दोनशे वर्षांची झाली होती. कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत दान देणारे ‘यवन’ भेटतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती निघाली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. नाशिक भागात राज्य करणाऱ्या नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत. अक्षरं ग्रीक, पण शब्द प्राकृत. तेव्हा ग्रीक नाणं आपल्याकडे अगदीच परकं नाही. या किनाऱ्याच्या जुन्या हिशेबवहीत त्याचं पान आहे.

आता या नाण्यांची ओढ कशात आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा वाद कोरडा होईल. काळ्या समुद्राकाठच्या अमिसोस गावाचं एक कांस्य नाणं घ्या. मिथ्रिदातीस सहावा या राजाच्या काळातलं, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातलं. व्यास तीन सेंटीमीटरच्या आसपास, वजन वीस ग्रॅमच्या आगेमागे, तळहातावर ठेवलं की जाणवतं. दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना. उलटवलं की पर्सियस उभा दिसतो, एका हातात कोयत्यासारखं वाकडं हत्यार, दुसऱ्या हातात मेडुसाचं छाटलेलं मस्तक, आणि पायाशी तिचं धड. एवढी कथा एवढ्याशा चकतीवर, तीही बाजारात रोज हातोहाती जाणाऱ्या पैशावर! दुसरं मिनँडरचं तांब्याचं छोटं नाणं, बोटाच्या पेरावर मावेल असं. एका बाजूला गळ्यात घंटा बांधलेलं हत्तीचं मस्तक आणि भोवती ग्रीक लेख. दुसऱ्या बाजूला हेराक्लीसची गदा आणि खरोष्ठीत ‘महारजस त्रतरस मेनंद्रस’. नागसेनाला प्रश्न विचारणारा, पाली ग्रंथातला मिलिंद राजा तो हाच. ग्रीक वीराची गदा आणि पंजाबचा हत्ती एकाच नाण्याच्या दोन अंगांना आहेत. अथेन्सच्या घुबड कोरलेल्या चांदीच्या नाण्याला जे मोजावं लागतं, त्याच्या लहानशा अंशात असं नाणं मिळतं, म्हणून पगारदार माणसाला कांस्य परवडतं. स्वस्त असल्यामुळेच त्याबद्दल चौकशा करायची रीत मात्र पडलेली नाही.

पहिला प्रश्न, खरं की खोटं, याला नाणेवाल्यांनी पुष्कळ उत्तरं शोधली आहेत आणि ती उपयोगाची आहेत. ठशानं मारलेल्या नाण्याच्या कडेला ताणानं गेलेल्या बारीक चिरा दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात, आणि पृष्ठभागावर भिंगाखाली बुडबुड्यांची छिद्रं. खरा हिरवा थर धातूतूनच उगवलेला असतो, सुईनं सहज निघत नाही. रंगवलेला थर खळग्यांत साचतो आणि सॉल्व्हंट लावलं की सुटतो. झीज उंचवट्यांवर जास्त आणि खोलगट भागात कमी हवी. पण यातली प्रत्येक खूण ज्याला माहीत आहे तो ती बनवूही शकतो. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी काव्हिनोनं रोमन कांस्य नाण्यांच्या धर्तीवर इतकं सफाईदार काम केलं, की त्याच्या नकलाच आता संग्राह्य झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल व्हिल्हेल्म बेकर हा जर्मन माणूस स्वतः ठसे कोरून ग्रीक नाणी पाडत असे. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत घालून, पेटी घोडागाडीला बांधून फिरवून आणत असे. रस्त्याच्या हादऱ्यांनी शतकांची झीज दुपारभरात व्हायची. त्याचे ठसे आज बर्लिनच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे झीज ही साक्ष आहे, पण फितूर होऊ शकणारी साक्ष.

मग यंत्राकडे वळावंसं वाटतं. आमच्या बाजारात मिश्रधातू ओळखायला हातात धरायची एक्सआरएफ गन वापरतात. घोडा दाबला की काही सेकंदांत तांबं किती, कथील किती, शिसं किती, हे पडद्यावर येतं. तीच गन नाण्यावर धरली तर काय कळतं? इ.स.पू. चौथ्या शतकातलं म्हणून दिलेल्या नाण्यात आजच्या पितळेइतकं जस्त निघालं, तर ते नाणं बाजूला ठेवावं. तितका निर्णय यंत्र देतं. पण आकडे ‘बरोबर’ आले म्हणून नाणं खरं ठरत नाही. यंत्र मुख्यतः पृष्ठभाग वाचतं, आणि दोन हजार वर्षं मातीत राहिलेल्या कांस्याच्या पृष्ठभागातून तांबं झिरपून गेलेलं, कथील वर साचलेलं असू शकतं. आतला धातू वेगळाच. शिवाय ओळखू न येणारी, झिजून सपाट झालेली जुनी नाणी वितळवून त्याच धातूची नवी ‘दुर्मीळ’ नाणी पाडली, तर यंत्र काय करणार? धातू अस्सल प्राचीन, नाणं कालचं. वजनाचाही आधार कांस्याला नाही. चांदीचं नाणं तोलून घ्यायचं चलन होतं, म्हणून त्याचं वजन काटेकोर. कांस्याचं नाणं मोजून घ्यायचं, त्याची किंमत राज्याच्या शब्दावर. म्हणून एकाच प्रकारच्या दोन खऱ्या नाण्यांत काही ग्रॅमांचा फरक सहज निघतो. थोडक्यात, धातूची परीक्षा ‘नाही’ म्हणू शकते, ‘हो’ म्हणू शकत नाही. ‘हो’ येतो तो दुसऱ्या दिशेनं : हे नाणं कोणाकडून आलं, त्याच्याआधी कोणाकडे होतं, कुठल्या जमिनीतून, कोणत्या सोबत्यांबरोबर निघालं.

इथं कांस्य आणि चांदी यांतला फरक निर्णायक ठरतो. चांदी फिरते. मिनँडरच्या चांदीचे द्रम्म पंजाबातून भडोचपर्यंत उतरले, कारण चांदी कुठेही चांदीच. तांब्या-कांशाची मोड मात्र आपला मुलूख सहसा सोडत नाही. राज्याच्या शब्दावर चालणारा पैसा राज्याच्या हद्दीबाहेर चकती होऊन पडतो. म्हणूनच कांस्य नाणी जिथं सापडतात तिथं ती चालत होती, असं बरंच खात्रीनं म्हणता येतं. कुठल्या राजाची सत्ता कुठवर होती, कोणत्या गावात टांकसाळ होती, कोणता बाजार कोणत्या शहराला बांधलेला होता, हे प्रश्न पुष्कळदा हलक्या धातूच्या नाण्यांच्या सापडण्यावरून सुटतात. आपल्याकडे सातवाहनांचं तेच झालं : शिशाची नाणी कुठं निघतात, पोटिन या मिश्रधातूची कुठं, यांवरून त्यांच्या राज्याच्या भागांची कल्पना करता आली. आणि चांदीच्या नाण्याचं गाव हरवलं तरी चांदी उरते, ठशाची कलाकुसर उरते. कांस्याच्या नाण्यात धातूची किंमत नाही आणि बहुतेकदा झिजेमुळे कलाकुसरही अर्धीमुर्धी. त्याचं गाव हेच त्याचं भांडवल असतं. ते गेलं की मागे जे उरतं त्याला सेकंड म्हणायला हरकत नाही.

हे मी तर्कानं म्हणत नाही, आपल्याच जिल्ह्यांचा पुरावा आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला, १३,२५० नाण्यांचा. सगळी नहपानाची, पण त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला : एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. साठा एका जागी राहिला, मोजला गेला, वर्णन करून छापला गेला, म्हणून गौतमीपुत्रानं नहपानाचं राज्य घेतलं हे नाण्यांनीच सांगितलं. ती नाणी पंचवीस-पंचवीसच्या पुड्यांनी सराफांकडे गेली असती तर? एकेक नाणं खरंच राहिलं असतं. पण हजारोंच्या प्रमाणातून निघालेला निष्कर्ष कोणत्याही एका नाण्यात नसतो. दुसरं उदाहरण हलक्या धातूचं. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या पोटिन नाण्यांचा साठा सापडला, दीड हजारावर नाण्यांचा. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. म. म. वा. वि. मिराशींनी त्याचा अभ्यास केला आणि त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं पुढे आली. पोटिन म्हणजे तांबं, कथील, शिसं यांची खिचडी. मोडीत घालायची तर कवडीमोल. त्या कवडीमोल धातूनं राजवंशाची यादी दुरुस्त केली. अशी अर्धवट, झिजलेली नावं एखादं सुटं नाणं घेऊन कोणी दाखवली असती, तर ती ‘वाचताना चूक झाली असेल’ म्हणून सोडून दिली गेली असती.

पुराणकथेच्या नाण्यांना तर हे अधिकच लागू आहे. १९७० साली अफगाणिस्तानात आय-खानुम इथं फ्रेंच पुरातत्त्वज्ञांच्या उत्खननात अगाथोक्लीस या ग्रीक राजाची सहा चांदीची नाणी मिळाली. एका बाजूला नांगर-मुसळ घेतलेला संकर्षण, दुसऱ्या बाजूला चक्र घेतलेला वासुदेव. एकीकडे ग्रीक लेख, दुसरीकडे ब्राह्मी. बलराम आणि कृष्ण यांची आपल्याला ठाऊक असलेली अगदी जुनी चित्रं आहेत ही. हीच नाणी पेशावरच्या किंवा मुंबईच्या एखाद्या दुकानात पहिल्यांदा दिसली असती, तर शहाण्या माणसानं ती घेतली नसती. ग्रीक राजा, हिंदू देव, दोन लिपी! गिऱ्हाइकाच्या मनातलं ओळखून कोणीतरी घडवलेली, असाच पहिला संशय आला असता. खणताना त्यांच्यासोबत शेकडो आहत नाणी होती, थर ठाऊक होता, मोजदाद होती, म्हणून संशयाला जागा उरली नाही. आता याच्या उलट बाजू. त्याच देशात गर्देजजवळच्या मीर झकाह इथं १९९२ च्या सुमारास नाण्यांचा प्रचंड साठा निघाला; कित्येक लाख नाणी, वजन टनांत सांगतात. यादवीच्या दिवसांत तो पोत्यांनी बाजारात गेला आणि जगभर पांगला. तिथूनच आलेलं म्हणून सांगितलं जाणारं अलेक्झांडरचं एक सोन्याचं पदक त्याच्या हयातीतलं चित्र आहे की आधुनिक बनावट, यावर अभ्यासक अजून भांडत आहेत. धातूच्या तपासण्यांनी ते भांडण मिटत नाही. एका जागी गाव होतं म्हणून अशक्य वाटणारं खरं ठरलं. दुसऱ्या जागी गाव हरवलं म्हणून खरं असलेलंही कदाचित सिद्ध होणार नाही.

यावर पहिला आक्षेप रसिकाचा असतो. मला इतिहास लिहायचा नाही, मला पर्सियस बघायचा आहे. त्याला गाव कशाला? प्रामाणिक आक्षेप आहे. पण चित्राचा अर्थसुद्धा जागेतूनच येतो. अमिसोसचा तो पर्सियस ग्रीसमधल्या एखाद्या नाण्यावर असता तर फक्त वीरकथा झाला असता. मिथ्रिदातीसच्या राज्यात तो राजकारण आहे. हा राजा स्वतःला इराणी आणि ग्रीक दोन्ही वारशांचा म्हणवत होता, आणि ग्रीक दंतकथेत इराणी लोक पर्सियसच्या मुलाचे वंशज. म्हणजे एकाच वीरात राजाची दोन्ही घराणी मिळतात. युक्रातिदीस या ग्रीक राजाचं एक चौकोनी तांब्याचं नाणं त्याहून बोलकं आहे. त्यावर सिंहासनावर बसलेली देवता, एका बाजूला हत्तीचं मस्तक, दुसरीकडे डोंगर. ग्रीक देवकथा घेऊन बसलं तर तो झ्यूस म्हणावा. पण झ्यूसला हत्ती आणि डोंगर कशाला? खरोष्ठी लेख सांगतो की ही कापिशी नगराची देवता आहे. कित्येक शतकांनी ह्युएन त्संगानं कापिशीजवळच्या ज्या डोंगराच्या दैवताचं वर्णन केलं, त्याचा हत्तीशी संबंध होता. त्या नाण्यानं स्वतःचं गाव स्वतःच लिहून ठेवलं म्हणून चित्र उलगडलं. ज्यांनी लिहिलं नाही त्यांचं गाव आपण टिपलं नाही, तर आपण देवाचं नाव अंदाजानं घेत राहणार.

अभ्यासूंचा आक्षेप याहून टोकदार आहे. ते म्हणतात, ब्राह्मी लिपी उलगडायला तरी गाव कुठं लागलं? १८३६ मध्ये लासेन या अभ्यासकानं अगाथोक्लीसच्या ग्रीक-ब्राह्मी लेखांच्या नाण्यावरून काही ब्राह्मी अक्षरं ओळखली, पुढच्या वर्षी प्रिन्सेपनं काम पुरं केलं, आणि त्यामुळे आज आपण नाणेघाटचा लेख वाचतो. त्याला उत्खनन नव्हतं, थर नव्हता. हे मान्य करायलाच हवं : ज्या नाण्यावर वाचता येणारा लेख आहे ते थोडं फार स्वतःबद्दल सांगतं. पण त्याच काळात चार्ल्स मॅसन नावाचा कंपनी सरकारच्या फौजेतून पळालेला शिपाई काबूलच्या उत्तरेला बेग्रामच्या मैदानातून हजारो तांब्याची नाणी गोळा करत होता आणि ‘बेग्राम’ हे नाव टिपून ठेवत होता. त्या किरकोळ, झिजलेल्या ढिगाचा उपयोग अजून होतो तो त्या एका नावामुळे. लेख वाचून होतो. गावाचा उपयोग संपत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड. संग्राहक नसता तर ही नाणी भंगारात गेली असती. खोटं नाही. शिवराया किलोच्या भावानं मोडीत गेल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे, आणि भट्टीला मिनँडर आणि मोटारीची गुंडाळी सारखीच. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर कलेक्टरला लेखी कळवावं : काय सापडलं, कुठं सापडलं, कधी सापडलं. शेतकरी मात्र चौकशीच्या भीतीनं गप्प बसतो आणि साठा वाटला जातो. अशा वेळी दोन नाणी घेणारा माणूस त्यांना वाचवतो, हे खरं. पण तो नाणं वाचवतो आणि साठा मरू देतो. शिवाय त्याच्या खरेदीनं पुढच्या खणणाऱ्याला भाव कळतो. वाचवणं आणि लुटीला गिऱ्हाईक होणं यांतली रेघ एकाच गोष्टीनं ठरते, तुम्ही जागा टिपली की नाही. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते करून दाखवलं. तगर म्हणून पेरिप्लसमध्ये नाव असलेल्या त्या गावात पावसानंतर वर येणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या, आणि त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तेरलाच उभं आहे. खणायचे थर त्यांच्याकडे नव्हते, पण गाव पक्कं होतं. खासगी माणसाचा छंद सार्वजनिक पुरावा होऊ शकतो, याला यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. कलेक्टरला कळवायचे तीन मुद्दे, काय, कुठं, कधी, हेच संग्राहकाच्या वहीचे पहिले तीन रकाने असायला हवेत. इंग्रजांच्या काळातल्या कायद्याला जे सुचलं ते आपल्याला सुचू नये, असं काही नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : स्वस्त कांस्याला कागद असतोच कुठं? मागायला गेलं तर छंदच बंद पडेल. माझं म्हणणं, सगळा नाही पडणार, आणि जो पडेल तो पडावा. ग्रीक कांस्य नाण्यांचे जुने संग्रह कितीतरी आहेत. त्यांच्या सोबत हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या, लिलावाच्या जुन्या यादीतला क्रमांक, छापील चित्र असतं. चिठ्ठी असलेलं नाणं बिनचिठ्ठीच्या नाण्यापेक्षा थोडं महाग मिळतं. तेवढ्यासाठी पाचांऐवजी तीन घ्यावीत. आपल्याकडचा कायदाही त्याच दिशेला ढकलतो. १९७२ च्या पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियमानं शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू आहे. ते घरी बाळगता येतं, पण विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. परवानाधारकाकडून बिल घेतलं की निदान एक कडी तरी कागदावर येते. आणि ज्याचं गाव खरोखरच कळत नाही, त्याच्यापुढं ‘माहीत नाही’ असं लिहावं. ‘एका जुन्या घराण्याच्या संग्रहातून’ हे वाक्य लिहू नये. आमच्या बाजारात खोटा हीट नंबर मारलेल्या मालाला सेकंडपेक्षा वाईट समजतात, कारण सेकंड माल निदान फसवत नाही.

जागा टिपण्याचाच एक भाग नाण्याला हात न लावणं हा आहे, आणि कळंबोलीत तो शिकावाच लागतो. खाडीची खारी हवा, बाजूला तळोज्याची रासायनिक वसाहत, चार महिने भिंतींना ओल. मातीतून क्लोराइड घेऊन आलेल्या कांस्याला अशा दमटपणात रोग लागतो : फिकट हिरवी भुकटी फुटते, ओल आणि प्राणवायू मिळत राहील तोवर आम्ल तयार होत राहतं आणि ते धातू खातं, खाऊन पुन्हा क्लोराइड सोडतं. पितळेच्या पातेल्याचा कळंक चिंचेनं घासून जातो. याचा जात नाही. उलट चिंच-मिठानं घासलेलं नाणं चकाकतं आणि मुकं होतं, कारण थराचा रंग, त्यात अडकलेली वाळू, खळग्यातली माती ही सगळी त्याच्या जमिनीची खूण असते. हवाबंद डबा, वेळोवेळी तापवून कोरडे केलेले सिलिका जेलचे दाणे, पीव्हीसी नसलेली पाकिटं, भुकटी दिसताच नाणं वेगळं करून जाणकाराकडे नेणं, एवढं पुरतं. साफसफाईचा हव्यास सोडला की नाणं टिकतं आणि त्याच्या अंगावरची नोंदही टिकते.

या सगळ्याचा खर्च आहे, हे नाकारत नाही. असा संग्रह लहान राहतो, सावकाश वाढतो, आणि प्रदर्शनात त्याच्यापुढं गर्दी होत नाही. पण संग्रहाची किंमत मालकाच्या आनंदावर ठरवायची की त्याच्यानंतर तो कोणाच्या कामी येईल यावर, हा खरा प्रश्न आहे. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेकडे किंवा एखाद्या संग्रहालयाकडे एक पेटी गेली, तर नाणी कितीही खरी असली तरी अभ्यासक आधी वही मागेल. वही नसेल तर तो ठशांचे फोटो काढून पेटी बंद करेल. कारखान्यातून कागदाशिवाय निघालेल्या पोलादाला नंबर नंतर कोणी देऊ शकत नाही, तसं मातीतून नोंदीशिवाय निघालेल्या नाण्याला गाव नंतर देता येत नाही. आज ज्याच्या हातात नाणं आहे तो फक्त एवढंच करू शकतो, की जे कळलं आहे ते त्याच्या हातून हरवू नये. माझ्या मते संग्राहकाचा हक्क इथंच सुरू होतो. ज्याला नोंद ठेवायची नाही त्यानं नाण्यांची चित्रं बघावीत. चित्रं उत्तम छापलेली मिळतात, आणि त्यांत पर्सियस जास्त स्पष्ट दिसतो.